आईचं विजया तेल सिंगापूरच्या क्रूझवर न्यावं का?

दादा, तुमचा प्रश्न आधी थोडक्यात लिहून घेते म्हणजे बाकी वाचणाऱ्यांनाही कळेल. तुमच्या आईचं वय ६३, ब्रेस्ट कॅन्सरची किमो संपून आठ महिने झाले, पण तळपायात मुंग्या आणि जळजळ राहून गेली, रात्री झोप नाही. एका वैद्यांनी विजयाचं, म्हणजे भांगेचं, तेल लिहून दिलं, जिभेखाली काही थेंब, त्यानी आता झोप लागून राहिली आहे. डिसेंबरात सगळं घर सिंगापूरहून चार रात्रींच्या क्रूझवर जाणार, पेनांग, फुकेत आणि परत सिंगापूर, आधी एक रात्र आणि नंतर एक रात्र हॉटेलात. तुम्ही विचारलं, "तेल चेक-इन बॅगेत टाकू की हँडबॅगेत? डॉक्टरची चिठ्ठी आहे. नाहीतर भाऊ अमेरिकेतून येतोय, त्याच्याकडे गांजाचं मेडिकल कार्ड आहे, तो गमीज म्हणजे गांजाच्या चघळायच्या गोळ्या आणतो म्हणतो. समुद्रात कोण पाहते?"

मी फार्मासिस्ट आहे, नागपूरच्या धंतोलीत २६ वर्षांपासून मेडिकल चालवते. आमच्या गल्लीत दवाखान्याला दवाखाना लागून आहे, त्यामुळे कॅन्सरचे पेशंट, त्यांची मुलं, सुना रोज काउंटरवर येतात. बारा-तेरा वर्षांपासून मी ज्येष्ठ नागरिकांच्या टूर ग्रुपना औषधांचे पाऊच आणि फाईल बनवून देते, तीनदा ग्रुपसोबत स्वतः जहाजावर गेले. वकील मी नाही, पण औषध घेऊन सीमा ओलांडताना काय होतं हे जवळून पाहिलं आहे.

तर उत्तर आधीच सांगते. तेल नेऊ नका, चेक-इनमध्ये नाही, हँडबॅगेत नाही, आईच्या पर्समध्ये नाही. गमीज तर भावाला आजच फोन करून नाही म्हणा. आणि हे सांगितलं म्हणजे माझं काम संपलं असं मला वाटत नाही, कारण तुमचा खरा प्रश्न बॅगेच्या खूप पुढचा आहे. तेल नसेल तर आई त्या सहा रात्री झोपणार कशी, हे कोणीतरी डिसेंबरच्या आधी बसून ठरवायला पाहिजे. त्यावर खाली सविस्तर लिहिते, पण आधी नाही का म्हणते ते समजून घ्या, नाहीतर एअरपोर्टला निघताना कोणी मावशी म्हणेल "ठेव ना, आयुर्वेदिक तर आहे" आणि तुम्ही ठेवून द्याल.

तुमच्या वैद्यांची चिठ्ठी खोटी नाही. आपल्या १९८५ च्या एनडीपीएस म्हणजे अमली पदार्थांच्या कायद्यात गांजा म्हणजे झाडाचे फुलोऱ्याचे शेंडे, आणि चरस म्हणजे राळ. नुसती पानं, शेंडे सोबत नसतील तर, त्या व्याख्येत येत नाहीत. म्हणून पानापासून केलेलं विजयाचं औषध आयुष लायसन्सवर बनतं, औषध नियमांच्या शेड्यूल ई-१ मध्ये भांगेचं नाव आहे आणि बाटलीवर "वैद्यकीय देखरेखीखाली घ्या" अशी सूचना छापावी लागते. तुमच्या घरातली बाटली उचलून बघा, बारीक अक्षरात असेल. भांगेचं बाकी सगळं राज्याच्या हातात, आपल्या महाराष्ट्रात तर १९४९ च्या दारूबंदी कायद्याखाली विनापरवाना भांग बाळगणंही गुन्हा आहे, जरी महाशिवरात्रीच्या थंडाईमुळे लोकांना ती घरचीच वस्तू वाटते. म्हणजे बघा, आपल्याच देशात ही परवानगी किती बारीक धाग्यावर उभी आहे. पान की शेंडा, लायसन्स आहे की नाही, चिठ्ठी ताजी आहे की नाही. हा धागा भारतापुरता आहे. विमान सिंगापूरला उतरलं की तिथल्या अधिकाऱ्याला पान आणि शेंड्याचा आपला फरक लागू नाही, आयुष लायसन्स लागू नाही, आणि वैद्यांची सही म्हणजे त्याच्यासाठी एक कागद.

सिंगापूरचा कायदा जगातल्या सगळ्यात कडक कायद्यांपैकी एक आहे. तिथे गांजा आणि त्यापासून बनलेले पदार्थ सगळ्यात वरच्या म्हणजे ए वर्गात येतात. नुसतं जवळ सापडणं किंवा सेवन, यासाठी १० वर्षांपर्यंत कैद किंवा २०,००० सिंगापूर डॉलरपर्यंत दंड किंवा दोन्ही. ५०० ग्रॅमच्या वर तस्करी सिद्ध झाली तर फाशी. तुमच्या ३० मिलीच्या बाटलीला फाशी होईल असं मी म्हणत नाही, उगाच घाबरवायचं नाही मला, पण ६३ वर्षांच्या पेशंट बाईला परक्या देशात दोन रात्री जरी चौकशीसाठी बसवून ठेवलं तरी तिचं काय होईल याचा विचार करा. ऑनलाइन लोक सांगतात की सीबीडी (याच झाडातला एक घटक) चालतं, नशा नसते त्यात. सिंगापूरमध्ये सीबीडीचं तेलसुद्धा प्रवाशाला आणता येत नाही. आणि आपल्याकडे मिळणारं विजयाचं तेल बहुतेक वेळा फुल स्पेक्ट्रम असतं, म्हणजे त्यात टीएचसी, म्हणजे नशा आणणारा घटक, असतोच, कमी असेल किंवा जास्त, कितीतरी बाटल्यांवर आकडासुद्धा छापलेला नसतो.

पुढचं बंदर पेनांग, म्हणजे मलेशिया. तिथे १९५२ चा कायदा आहे, २०० ग्रॅमच्या वर गांजा सापडला तर तस्करी गृहीत धरतात, २०२३ पासून फाशी सक्तीची राहिली नाही एवढाच फरक. मग फुकेत, आणि इथे लोक सगळ्यात जास्त फसतात. थायलंडने जून २०२२ मध्ये गांजाचं झाड अमली पदार्थांच्या यादीतून काढलं, रस्त्यारस्त्यावर हिरव्या पानाच्या पाट्या लागल्या, मी स्वतः पाहिल्या. पण जून २०२५ पासून फुलासाठी परत डॉक्टरची चिठ्ठी लागते, आणि ०.२ टक्क्यांपेक्षा जास्त टीएचसी असलेला अर्क तर आधीपासूनच अमली पदार्थ होता, तो कधी मोकळा झालाच नव्हता. बरं, तिथे दुकानात घेतलेली वस्तू तुम्ही संध्याकाळी जहाजावर घेऊन चढणार आणि ते जहाज परत जाणार सिंगापूरलाच. बँकॉकहून येणाऱ्या प्रवाशांकडून मुंबई विमानतळावर हायड्रोपोनिक (मातीशिवाय वाढवलेला) गांजा पकडल्याच्या बातम्या आपण वाचत असतोच, त्यामुळे त्या बाजूने येणाऱ्या बॅगांवर लक्ष जास्त असतं.

म्हणजे तुमची खोली तीच, पलंग तोच, पण चार दिवसांत तीन देशांचे कायदे त्या खोलीत येऊन जातात. घरी बसून हे लक्षातच येत नाही. आपल्याला वाटतं आपण जहाजावर आहोत, देश बदलला कुठे.

आता समुद्रात कोण पाहते. जहाजच पाहते. दरवेळी चढताना, म्हणजे पहिल्या दिवशी आणि मग प्रत्येक बंदरावरून फिरून आल्यावर, सगळं सामान स्कॅनरमधून जातं. कधी कुत्राही असतो. कार्निव्हल, रॉयल कॅरिबियन, नॉर्वेजियन या मोठ्या कंपन्यांचे नियम वाचा, गांजा चालत नाही, आणि वैद्यकीय कारणासाठी असला तरी चालत नाही, असं स्पष्ट लिहिलेलं आहे. आशियातल्या जहाजांवर वेगळं असेल अशी आशा ठेवू नका. तिकिटासोबतचा जो लांबलचक करार आपण न वाचता टिक करतो त्यात केबिन तपासायचा हक्क कंपनीला असतो, बंदी असलेली वस्तू सापडली तर पुढच्या बंदरावर उतरवून द्यायचा हक्क असतो, परतीचं तिकीट तुमच्या खर्चाने, रिफंड नाही, आणि तिथल्या पोलिसांना कळवणार ते वेगळं. किनाऱ्यापासून १२ सागरी मैलांपर्यंत त्या त्या देशाचा अंमल, त्याच्या पुढे जहाज ज्या देशात नोंदलेलं त्याचा, बहामा, पनामा वगैरे. आणि आपला एनडीपीएस कायदा तर भारताबाहेरच्या भारतीय नागरिकालाही लागू आहे, कलम १ मध्येच लिहिलंय. म्हणजे कायद्याशिवायचा समुद्र असा कुठे नसतो.

भावाच्या गमीजबद्दल. हे मला तुमच्या तेलापेक्षाही जास्त धोक्याचं वाटतं. अमेरिकेत एखाद्या राज्याचं मेडिकल कार्ड म्हणजे त्या राज्यापुरता कागद. केंद्राच्या म्हणजे फेडरल कायद्याने १९७० पासून गांजा नियंत्रित यादीत आहे आणि विमानतळ, बंदर, कस्टम्स सगळं फेडरलच्या हातात. भाऊ ते घेऊन सिंगापूरला उतरणार म्हणजे त्याच्या कार्डाची किंमत शून्य होते त्या देशात, आणि अंगावर खटला आला तर त्याचं अमेरिकेतलं बस्तान धोक्यात येतं. ग्रीन कार्ड असेल, नागरिकत्वाचा अर्ज करायचा असेल तर आणखी सांभाळून. २०१९ मध्ये तिथल्या इमिग्रेशन खात्याने लेखी सांगितलं होतं की राज्यात कायदेशीर असलेला गांजाही चांगल्या वर्तणुकीच्या अटीत आड येऊ शकतो. आणि नागरिक नसलेल्या माणसाने नुसती कबुली दिली, शिक्षा झाली नाही, तरी प्रवेश नाकारला जाऊ शकतो. आईच्या प्रेमापोटी तो म्हणून राहिला हे कळतं मला, पण त्याला हे वाचायला द्या. उरलेल्या गमीज नागपूरला आणायचा विचार असेल तर तोही सोडा. देशात आणणं हा एनडीपीएसच्या कलम २३ चा वेगळा गुन्हा आहे, आणि २०२० मध्ये सुप्रीम कोर्टाने सांगितलं आहे की मिश्रण असेल तर पूर्ण मिश्रणाचं वजन धरायचं, नुसत्या टीएचसीचं नाही. म्हणजे साखर, जिलेटिन सगळं वजनात.

आता माझ्या हातून झालेली एक गोष्ट सांगते. २०२२ चा हिवाळा होता, मुंबईहून निघणाऱ्या क्रूझला आपल्या नागपूरचे २४ जण होते. त्यांच्यातल्या एका काकाजींची फाईल मीच बनवली, वय ७१, बीपी, शुगर, थायरॉइड, कमरेच्या मणक्याचा त्रास. प्रत्येक गोळीचं नाव टाईप केलं, पाऊचवर सकाळ-दुपार-रात्र लिहिलं. पण सगळं माझ्या दुकानातून नेलेल्या औषधांवरून. ते कमरेसाठी ऑनलाइन काही मागवतात का हे मी विचारलंच नाही. मुंबईच्या टर्मिनलवर काकूंच्या बॅगेत, स्वेटरमध्ये गुंडाळलेली, ड्रॉपरवाली तपकिरी काचेची बाटली स्कॅनरमध्ये दिसली. चिठ्ठी होती, पण फोनमध्ये फोटो, आणि तारीख सात महिन्यांपूर्वीची. अधिकाऱ्यांनी बाजूला घेतलं. ते चिडले नाहीत, ओरडले नाहीत, पण त्यांना जे करायचं होतं ते त्यांनी केलं. बाटली सील केली, जबाब लिहून घेतला. जहाज संध्याकाळी बाकी २२ जणांना घेऊन निघून गेलं आणि काकू प्लास्टिकच्या खुर्चीवर बसलेल्या, गळ्यात ते जहाजाचं कार्ड तसंच लटकलेलं, मला फोनवर म्हणाल्या, "सून म्हणे आयुर्वेदिक आहे, काही होत नाही." रात्री अकराला त्यांना सोडलं. पुढे दोनदा मुंबईला जावं लागलं, केस झाली नाही शेवटी, पण काकाजी त्या दिवसानंतर घराबाहेरच्या प्रवासाला तयारच झाले नाहीत. तेव्हापासून मी फाईल बनवताना पहिला प्रश्न हाच विचारते, माझ्याकडून नेत नाही असं काय काय घेता? चूर्ण, तेल, कोणी दिलेली पुडी, सगळं टेबलावर काढायला लावते.

त्यांना का सोडलं आणि दुसऱ्याला का सोडणार नाहीत याचा नियम मी सांगू शकत नाही, ते खरंच परिस्थितीवर आहे. देशातल्या देशात मुंबई ते गोवा जात असाल तर निदान कायदा आपला असतो, ताजी छापील चिठ्ठी, बिल, लायसन्स नंबर असलेली मूळ बाटली याला काहीतरी अर्थ असतो. तरीही जागेवरच्या तपासणीचं किट फक्त गांजाच्या कुळातला पदार्थ आहे का एवढंच सांगतं, पानातून आला की शेंड्यातून हे नाही सांगत, आणि लॅबचा रिपोर्ट यायला वेळ लागतो, तोवर तुम्ही उत्तर देत बसता. ऑक्टोबर २०२१ मध्ये मुंबई-गोवा क्रूझवर एनसीबीची (केंद्राच्या अमली पदार्थ नियंत्रण खात्याची) धाड पडली ती देशभर गाजली होती, त्यानंतर या मार्गावरच्या तपासणीत कोणी हलगर्जी करेल असं वाटत नाही. म्हणून देशातल्या क्रूझसाठीही माझं म्हणणं एवढंच, कंपनीला ईमेल करून लेखी उत्तर मागवा, आणि हो असं लेखी आलं नाही तर घरी ठेवा. फोनवर कस्टमर केअरच्या पोराने "हो मॅडम चलेगा" म्हटलं त्याला काही किंमत नाही. नागपूर स्टेशनवरही आरपीएफचे कुत्रे फिरतात, ओडिशा-आंध्राकडून येणाऱ्या गांजामुळे, म्हणजे मुंबईला दुरांतोने जायचं तरी चिठ्ठी आणि बिल सोबत लागणारच.

अलास्काच्या क्रूझचं पण लोक विचारतात, कारण आता मुलं सिअ‍ॅटलला असतात बऱ्याच जणांची. वॉशिंग्टन राज्यात दुकानात मिळतं, अलास्कातही मिळतं, मध्ये जहाजावर चालत नाही, आणि ही जहाजं सहसा वाटेत कॅनडाच्या व्हिक्टोरियाला थांबतात. कॅनडात ऑक्टोबर २०१८ पासून गांजा कायदेशीर आहे पण सीमेच्या आत आणणं किंवा बाहेर नेणं हा गुन्हा, औषध म्हणून असला तरी. तीन ठिकाणी चालतं म्हणून चौथ्या ठिकाणी चालेल असं धरता येत नाही.

बरं, आता आईच्या सहा रात्री. माझ्या मते इथेच खरं काम आहे आणि डिसेंबर म्हणजे तुमच्याकडे वेळ आहे.

सगळ्यात आधी, तुमच्या ऑन्कोलॉजिस्टला विजयाबद्दल सांगितलं आहे का? जामठ्याला दाखवत असाल की तुकडोजी कॅन्सर हॉस्पिटलला की खाजगीत, माझ्या अनुभवात दहापैकी सात घरं सांगत नाहीत, वाटतं डॉक्टर रागावतील. रागावू द्या, सांगा. कारण सीबीडी लिव्हरमधल्या त्याच रस्त्याने जातं ज्या रस्त्याने बाकी कितीतरी औषधं जातात. वॉरफरिन म्हणजे रक्त पातळ करायची गोळी घेणाऱ्यांमध्ये त्याने आयएनआर (रक्त किती पातळ आहे ते सांगणारा आकडा) वाढल्याच्या नोंदी आहेत. आणि जे चालू केल्याने बदलतं ते बंद केल्यानेही बदलतं, म्हणजे तेल थांबवणं हासुद्धा औषधातला बदलच समजा. शिवाय रोज घेणाऱ्याने एकदम सोडलं तर काही दिवस झोप जास्त बिघडते, चिडचिड होते, भूक कमी होते. ही सगळी आदळआपट जर क्रूझच्या पहिल्या रात्री झाली तर तुम्ही म्हणाल तेल आणायलाच पाहिजे होतं.

म्हणून सहा आठवडे आधी डॉक्टरकडे जा आणि सरळ विचारा, किमोनंतरच्या तळपायाच्या जळजळीसाठी आणि झोपेसाठी असं काय देता येईल जे आम्ही सिंगापूर, मलेशिया, थायलंडमध्ये चिठ्ठीवर नेऊ शकतो. ड्युलोक्सेटिन आहे, गॅबापेंटिन आहे, प्रेगाबॅलिन आहे, लावायची जेल आणि पॅच आहेत, आईच्या बाकी गोळ्या, किडनी, बीपी पाहून डॉक्टर ठरवतील, ते मी इथून नाही सांगणार. तेल थांबवणं पण त्यांच्या आणि वैद्यांच्या सल्ल्याने, हळूहळू.

आणि मग रंगीत तालीम करा. निघायच्या दोन-तीन आठवडे आधी, घरी, सलग सहा रात्री तेलाशिवाय, नवीन औषधावर. एक वही ठेवा, किती वाजता झोपल्या, किती वेळा उठल्या, पायाची जळजळ दहापैकी किती, सकाळी उठताना चक्कर आली का. चक्करेचं नक्की लिहा कारण जहाज हलतं, बाथरूमला उंबरठा असतो आणि या वयात पाय बधिर असताना पडणं फार वाईट. सहा रात्री बऱ्या गेल्या तर आई निश्चिंत निघतील. नाही गेल्या तर डोस बदलायला हातात दिवस आहेत, किंवा अगदीच नाही जमलं तर तारीख पुढे ढकलायचा निर्णय घरी बसून घेता येईल. मागच्या वर्षी एका ताईंच्या आईसाठी असंच केलं होतं, तिसऱ्या रात्री कळलं की गोळीने सकाळी तोल जातो, डॉक्टरांनी वेळ रात्री नऊऐवजी सातची केली, तेवढ्यानेच निभावलं.

इथे एक सावधगिरी. तेल काढून त्याच्या जागी दुसरं नियंत्रित औषध टाकलं तर अडचण फक्त नाव बदलून येते. ट्रामाडॉल आपल्याकडे सर्रास दिलं जायचं, २०१८ पासून तेही एनडीपीएसच्या नियंत्रणात आलं, आणि इजिप्तसारख्या देशात त्यावरून प्रवाशांना तुरुंग झाला आहे. प्रेगाबॅलिन ब्रिटनमध्ये २०१९ पासून नियंत्रित आहे. झोपेच्या गोळ्या, अल्प्राझोलाम वगैरे, सिंगापूरला न्यायच्या तर आधी तिथल्या हेल्थ सायन्सेस अथॉरिटीची परवानगी लागू शकते, अर्ज ऑनलाइन होतो, पण तो निघायच्या आदल्या दिवशी नाही करायचा, तीन-चार आठवडे आधी करा. जे काही ठरेल त्याचं जेनेरिक नाव तिन्ही देशांच्या यादीत तपासा. जमत नसेल तर तुमच्या केमिस्टला बसवा, आमचं कामच आहे ते.

कागदांचं लवकर सांगते. डॉक्टरांच्या लेटरहेडवर इंग्रजीत एक पत्र, आईचं नाव पासपोर्टवर आहे तसंच, आजार, जेनेरिक नावं, डोस, किती दिवसांचं. गोळ्या मूळ स्ट्रिपमध्येच, डब्यात सुट्या करून नाही, हँडबॅगेत, प्रवासाच्या दिवसांपेक्षा चार-पाच दिवसांच्या जास्त. पत्राच्या दोन कॉपी, एक तुमच्याकडे. जहाजावर दवाखाना असतो, उलटी, ताप, बीपीची औषधं मिळतात, पण महाग असतात आणि आईंची जळजळीची गोळी मिळेलच असं नाही, जहाजाच्या भरवशावर जाऊ नका. समुद्र लागतो म्हणून अ‍ॅव्होमिन घ्यायची सवय आहे आपल्याकडे, ती नवीन झोप आणणाऱ्या औषधासोबत घेतली तर गुंगी दुप्पट होऊ शकते, हे पण डॉक्टरांना विचारून घ्या.

बॅग भरायच्या आधी रिकामी करा. हे ऐकायला साधं वाटतं पण माझ्या काउंटरवर दोनदा असं झालं की लोकांनी नवीन बाटली घरी ठेवली आणि बाजूच्या कप्प्यात मागच्या लग्नाला नेलेली अर्धी बाटली तशीच होती. आईची पर्स, औषधांचा जुना पाऊच, चष्म्याचं घर, स्वेटरचे खिसे, सगळं पलंगावर उलटं करा. तेल ज्या पाऊचमध्ये राहायचं तो पाऊच घरीच, नवीन घ्या. आणि आईंना स्वतः बसवून समजावून सांगा, कारण मुलांना त्रास नको म्हणून आई लोक गुपचूप एक बाटली ठेवून घेतात, त्यांच्या लेखी ते औषध असतं.

समजा इतकं करूनही निघताना बाटली सापडली. सोनेगावच्या एअरपोर्टवर आत जायच्या आधी सापडली तर जो सोडायला आला आहे त्याच्या हातात द्या, घरी परत जाईल. पुढे सापडली, सिंगापूरला उतरल्यावर, तर कचऱ्यात टाकू नका, दुसऱ्या कोणाच्या बॅगेत तर मुळीच नाही, कस्टम्सच्या लाल चॅनेलला जाऊन स्वतःहून दाखवा. सुटका होईल असं वचन देता येत नाही, पण लपवलेलं सापडणं आणि स्वतः दाखवणं यात फरक पडतो. चौकशी झालीच तर न समजलेल्या कागदावर सही करू नका, दुभाषा मागा, आणि भारतीय दूतावासाला (सिंगापूर, मलेशियात त्याला उच्चायोग म्हणतात) कळवायला सांगा. १९६३ च्या व्हिएन्ना कराराने तो हक्क आहे, आणि तो मागावा लागतो, बऱ्याचदा कोणी आपणहून आठवण करून देत नाही. दूतावासाचा नंबर कागदावर लिहून आईच्या पासपोर्टमध्ये ठेवा, फोन काढून घेतला तर कागद उरतो.

तेलाची बाटली तुमच्या फ्रिजवर किंवा कपाटात जिथे असते तिथेच राहू द्या, परत आल्यावर डॉक्टरांशी बोलून काय करायचं ते बघा. क्रूझचं बुकिंग अजून पक्कं झालं नसेल तर केबिन जहाजाच्या मधल्या भागातली, खालच्या मजल्यावरची मागा, तिथे हलणं सगळ्यात कमी जाणवतं, आणि लिफ्टजवळची, बाथरूममध्ये धरायला दांडी असलेली. बाल्कनीवाल्या वरच्या केबिनपेक्षा ती स्वस्तही पडते. तळव्यांची जळजळ रात्री वाढते म्हणता तर पातळ सुती मोज्यांचे चार जोड आणि दोन लिटरचा रिकामा डबा घेऊन जा, आमच्या एक काकू झोपायच्या आधी दहा मिनिटं गार ओला टॉवेल पायाला गुंडाळायच्या, जहाजावर बर्फ मागितला की आणून देतात. फार थंड नको, पाय बधिर असताना इजा कळत नाही. डॉक्टरकडे जाऊन आलात की काय औषध ठरलं ते इथेच लिहा, तिन्ही देशांच्या यादीत मी पण एकदा पाहून देते.